वेगळ्या फाइलमधला क्लास सापडत नाही, सापडला तर हात लावू देत नाही: जावा प्रोजेक्टमधल्या नेहमीच्या दुखण्यावर उपाय

सांगलीत विश्रामबागेत मी जावा शिकवतो. डिप्लोमा, बीसीए, इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि वर्षानुवर्षं त्यातली सर्वांत मोठी रांग एकाच दुखण्याची असते. हे दुखणं मी इतक्यांदा सोडवलंय की तपासण्याचा क्रम आता पक्का बसलाय. तोच क्रम खाली देतोय. कीवर्ड आणि संदेश वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना नेहमीप्रमाणे रोमनमध्येच करा.

लक्षणं

प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये होता तोवर सुरळीत चालत होता. फाइल लांबली म्हणून क्लास वेगवेगळ्या फायलींत काढले, फायली फोल्डरांत लावल्या आणि पडदा लाल झाला. सर्वांत जास्त दिसणारं लक्षण हेच. संदेश साधारण असे येतात:

- ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ किंवा ‘पॅकेज डज नॉट एक्झिस्ट’
- ‘क्लास इज पब्लिक, शुड बी डिक्लेअर्ड इन अ फाइल नेम्ड…’
- ‘हॅज प्रायव्हेट ॲक्सेस इन…’ किंवा ‘हॅज प्रोटेक्टेड ॲक्सेस इन…’
- ‘इज नॉट पब्लिक इन…, कॅनॉट बी ॲक्सेस्ड फ्रॉम आउटसाइड पॅकेज’
- ‘अटेम्प्टिंग टू असाइन वीकर ॲक्सेस प्रिव्हिलेजेस; वॉज पब्लिक’
- कंपाइल होतो, पण चालवताना ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ किंवा ‘इल्लीगल ॲक्सेस एरर’

आणखी एक लक्षण आहे, त्याला संदेशच नसतो. सगळं चालतं, पण एका क्लासमध्ये ठेवलेला आकडा भलत्याच क्लासमधून बदललेला निघतो. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते.

उदाहरण इथलंच घेऊ. आपल्याकडे अडत दुकानाचा हिशेब हा प्रोजेक्ट बरीच मुलं घेतात, कारण घरचं कुणी ना कुणी मार्केट यार्डात असतं. शेतकऱ्याची हळद सौद्यात जाते, दर निघतो, वजन गुणिले दर करून त्यातून हमाली-तोलाई वजा होते आणि निव्वळ रक्कम उरते. हे सगळं ज्या कागदावर लिहून शेतकऱ्याला मिळतं ती पट्टी. तर ‘हिशेब’ पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे एका फोल्डरात ठेवलेला क्लासचा गट) ‘पट्टी’ आणि ‘कपात’ हे क्लास, ‘छपाई’ पॅकेजमध्ये ‘पट्टीछपाई’, आणि ‘मुख्य’ पॅकेजमध्ये ‘दुकान’, ज्यात मेन मेथड आहे.

आधी एक विनंती

संदेश दिसला की दिसेल तिथे ‘पब्लिक’ चिकटवू नका. लाल रेघ जाते हे खरं, पण चूक फाइलच्या जागेत असेल तर ती तशीच राहते आणि वर क्लासचे सगळे सदस्य, म्हणजे त्यातली फील्ड आणि मेथड, उघडे पडतात. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक प्रोजेक्टांत मॉडिफायरचा, म्हणजे पब्लिक, प्रायव्हेट अशा शब्दांचा, दोष नसतोच. फाइल, फोल्डर नाहीतर पॅकेजची ओळ चुकलेली असते. म्हणून मॉडिफायरची तपासणी खाली, सहाव्या जागी आहे.

१. पहिलाच संदेश वाचा, बाकीचे सोडा

एक पॅकेज सापडलं नाही की त्यातला प्रत्येक क्लास, प्रत्येक मेथड ‘सापडत नाही’ म्हणून वेगळा संदेश येतो. जावाचा कंपायलर एरवी १०० चुका दाखवून थांबतो, आणि त्या शंभरच्या शंभर एका ओळीमुळे आलेल्या असू शकतात. म्हणून वर सरका, पहिल्या संदेशातलं फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा बघा. तेवढं दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा. याला पैसा लागत नाही, मिनिटही लागत नाही, तरी मुलं शेवटच्या संदेशापासून सुरुवात करतात, कारण पडद्यावर तोच समोर असतो.

२. जुन्या क्लास फायली पुसा

नेटबीन्स किंवा एक्लिप्समध्ये ‘क्लीन’ करून पुन्हा बिल्ड करा. हातानं कंपाइल करत असाल तर तयार झालेल्या सगळ्या डॉट-क्लास फायली काढून टाका. सोर्स म्हणजे डॉट-जावा फायलींना हात लावू नका.

याचं कारण असं. ‘दर’ नावाच्या क्लासमध्ये हमालीचा आकडा ‘स्टॅटिक फायनल’ म्हणून ठेवलाय. कंपायलर असा स्थिर आकडा तो वापरणाऱ्या क्लासमध्ये थेट कोरून टाकतो. तुम्ही ‘दर’ मधला आकडा बदलला, फक्त तीच फाइल कंपाइल केली, तर ‘पट्टी’ मात्र जुन्याच आकड्यावर चालत राहते. प्रोग्रॅम तक्रार करत नाही. तसंच, एखादी मेथड आधी पब्लिक होती, आता प्रायव्हेट केली आणि तिला बोलावणारी फाइल पुन्हा कंपाइल केली नाही, तर चालवताना ‘इल्लीगल ॲक्सेस एरर’ येतो. सोर्स बघितला तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून यात तासन् तास जातात.

३. फाइलचं नाव

पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव तंतोतंत एकच हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. एका फाइलमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर एकच पब्लिक क्लास चालतो. दुसरा हवा असेल तर त्याची फाइल वेगळी.

नोटपॅडमध्ये लिहिणाऱ्यांनी विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करून बघावा. ‘पट्टी डॉट जावा’ असं दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘पट्टी डॉट जावा डॉट टीएक्सटी’ निघते. आणखी एक: घरच्या लॅपटॉपवर विंडोज आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू असेल, तर फोल्डरांच्या नावांतली लहान-मोठी अक्षरं नीट जुळवा. विंडोजला तो फरक सहसा जाणवत नाही, उबुंटूला हमखास जाणवतो. ‘घरी चालत होतं, सर’ याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

४. पॅकेजची ओळ आणि फोल्डर

फाइलच्या वर ‘पॅकेज हिशेब’ लिहिलं असेल तर ती फाइल ‘हिशेब’ नावाच्या फोल्डरातच हवी. मग त्या क्लासचं पूर्ण नाव ‘हिशेब डॉट पट्टी’ असतं, नुसतं ‘पट्टी’ नाही.

यातून दोन चुका निघतात. पहिली म्हणजे मुलं ‘मुख्य’ फोल्डरच्या आत जातात आणि तिथून ‘जावा दुकान’ अशी आज्ञा देतात. मेन क्लास सापडत नाही, पुढे ‘राँग नेम’ असंही दिसतं. एक पायरी वर, जिथे ‘हिशेब’, ‘छपाई’ आणि ‘मुख्य’ ही तिन्ही फोल्डरं शेजारी शेजारी दिसतात तिथे या आणि पूर्ण नावानं चालवा: ‘मुख्य डॉट दुकान’. कंपाइल करताना ‘डॅश डी’ देऊन तयार फायलींसाठी वेगळं फोल्डर ठेवलं, तर चालवताना क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा जिथे क्लास शोधतो त्या जागांच्या यादीत, तेच फोल्डर द्या.

दुसरी चूक अशी की, काही फायलींवर पॅकेजची ओळ असते, काहींवर नसते. ज्या फाइलवर ती ओळ नाही तिचा क्लास बिननावाच्या पॅकेजमध्ये जातो, आणि नाव असलेल्या पॅकेजमधून तो इम्पोर्ट करताच येत नाही. कितीही पब्लिक करा, उपयोग नाही. प्रोजेक्ट दोन फायलींच्या पुढे गेला की प्रत्येक फाइलवर पॅकेजची ओळ असलीच पाहिजे, असं मी पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवतो.

आणि ‘हिशेब’ व ‘हिशेब डॉट हळद’ यांचं एकमेकांशी कुठलंही नातं नाही. फोल्डरात फोल्डर आहे म्हणून आतल्याला बाहेरच्याचे हक्क मिळत नाहीत. जावाच्या लेखी ती दोन स्वतंत्र पॅकेजं आहेत. ‘हिशेब डॉट स्टार’ इम्पोर्ट केलं तरी ‘हिशेब डॉट हळद’ मधलं काहीच येत नाही.

५. इम्पोर्ट

इम्पोर्टनं परवानगी मिळत नाही. क्लासचं लांबलचक नाव पुन्हा पुन्हा लिहायला लागू नये, एवढंच त्याचं काम. म्हणून ‘इम्पोर्ट केलंय, तरी प्रायव्हेट का म्हणतो?’ हा प्रश्न जागेवरच सुटतो.

एकाच नावाचे दोन क्लास स्टारनं आणले तर ‘रेफरन्स इज ॲम्बिग्युअस’ येतं. पट्टीवर तारीख घालताना ‘युटिल’ आणि ‘एसक्यूएल’ या दोन्ही पॅकेजांतला ‘डेट’ येतो, किंवा स्विंगचा प्रोजेक्ट असेल तर ‘एडब्ल्यूटी’ मधला ‘लिस्ट’ आणि ‘युटिल’ मधला ‘लिस्ट’ एकमेकांना भिडतात. हवा तो क्लास नावानिशी इम्पोर्ट करा.

६. तीन कुलपं: क्लास, कन्स्ट्रक्टर, सदस्य

इथवर सगळं ठीक असेल तरच मॉडिफायरकडे या. जावात चार पातळ्या आहेत. ‘प्रायव्हेट’ म्हणजे त्या क्लासच्या आतच. काहीच लिहिलं नाही तर त्या पॅकेजपुरतं. ‘प्रोटेक्टेड’ म्हणजे पॅकेज आणि शिवाय बाहेरचे वारस क्लास. ‘पब्लिक’ म्हणजे सगळ्यांना. सर्वांत वरच्या पातळीवरच्या क्लासला यातल्या दोनच लागू होतात: पब्लिक किंवा काहीच न लिहिणं.

आता ‘एकाच फाइलमध्ये चालत होतं’ याचा उलगडा करू. त्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. ‘पट्टी’ हा क्लास ‘दुकान’ क्लासच्या महिरपी कंसांच्या आत लिहिलेला होता का? तसं असेल तर बाहेरच्या क्लासला आतल्याचे प्रायव्हेट सदस्यही दिसतात. क्लास वेगळ्या फाइलमध्ये गेला की ही सवलत संपते आणि ‘हॅज प्रायव्हेट ॲक्सेस’ सुरू होतं. दोन्ही क्लास एकाच फाइलमध्ये पण एकाखाली एक, स्वतंत्र होते का? मग प्रायव्हेट तेव्हाही दिसत नव्हतं. मॉडिफायर न लावलेले सदस्य एकाच पॅकेजमुळे दिसत होते. पॅकेज बदललं तसे ते दिसेनासे झाले आणि ‘इज नॉट पब्लिक’ आलं. जुनी फाइल उघडून महिरपी कंस कुठे मिटतो ते बघा, म्हणजे तुमचं कारण कळेल.

‘मुख्य’ पॅकेजमधून नवी पट्टी बनवून तिची ‘निव्वळ’ मेथड बोलावताना कंपायलर तीन गोष्टी तपासतो: पट्टी हा क्लास बाहेर दिसतो का, तिचा कन्स्ट्रक्टर बोलावता येतो का, आणि ती मेथड बोलावता येते का. तिन्ही उघडी हवीत. मुलं क्लास पब्लिक करतात, मेथड पब्लिक करतात आणि कन्स्ट्रक्टर विसरतात. तुम्ही कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही तर जावा जो आपोआप देतो त्याला क्लासचीच पातळी मिळते, त्यामुळे तोवर अडचण येत नाही. ज्या दिवशी शेतकऱ्याचं नाव आणि वजन घेणारा स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिता आणि त्याला काही लावत नाही, त्या दिवशी तो पॅकेजपुरता होतो.

कुठलं कुलूप अडलंय हे संदेशातच लिहिलेलं असतं. ‘पट्टी इज नॉट पब्लिक इन हिशेब’ असं असेल, म्हणजे ‘इन’ च्या पुढे पॅकेजचं नाव असेल, तर क्लास बंद आहे. ‘पट्टी(स्ट्रिंग, डबल) इज नॉट पब्लिक इन पट्टी’ असं नावापुढे कंस आणि ‘इन’ च्या पुढे क्लासचं नाव असेल, तर कन्स्ट्रक्टर. मेथडचं नाव असेल तर मेथड. जे अडलंय तेवढंच उघडा.

७. प्रोटेक्टेड आणि ओव्हरराइड

‘हळद’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ‘हळदपट्टी’ हा ‘पट्टी’ चा वारस क्लास आहे. ‘पट्टी’ मध्ये ‘वजन’ प्रोटेक्टेड आहे. हळदपट्टीत स्वतःचं ‘वजन’ वापरलं तर चालतं. पण मेथडला दुसरी एखादी ‘पट्टी’ पॅरामीटर म्हणून दिली आणि तिचं ‘वजन’ वाचायला गेलात तर ‘हॅज प्रोटेक्टेड ॲक्सेस’ येतं. वारसाला हक्क मिळतो तो स्वतःच्या जातीच्या ऑब्जेक्टवर. ती दुसरी पट्टी बेदाण्याचीही असू शकते. पॅरामीटरचा प्रकार ‘हळदपट्टी’ केला की अडत नाही. खरंच कुठलीही पट्टी चालायला हवी असेल तर ‘पट्टी’ मध्ये वजन सांगणारी एक पब्लिक मेथड द्या.

‘वीकर ॲक्सेस प्रिव्हिलेजेस’ चं उत्तर छोटं आहे. वरच्या क्लासमध्ये मेथड जितकी उघडी, खालच्यात किमान तितकी तरी हवीच. इंटरफेसमधल्या मेथड एरवी आपोआप पब्लिक असतात, म्हणून त्या अमलात आणताना ‘पब्लिक’ लिहावंच लागतं. ‘टू स्ट्रिंग’ लिहिताना ते विसरलं तरी हाच संदेश.

सी प्लस प्लस किंवा सी शार्पवरून आलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: त्या दोन्ही भाषांत क्लासच्या सदस्याला काही लावलं नाही तर तो प्रायव्हेट असतो, जावात तो पॅकेजभर दिसतो. पायथनमध्ये तर भाषा अडवतच नाही, नावाआधीचा अंडरस्कोर हा फक्त संकेत.

८. संदेश नाही, पण आकडा बदलतो

हे तपासायला वेळ लागतो, पण यात शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून टाळू नका.

‘पट्टी’ मध्ये कपातींची यादी प्रायव्हेट आहे. छपाईसाठी ती यादी देणारा गेटर लिहिला. छपाईत शून्य रकमेच्या आणि दुकान स्वतः सोसतं त्या कपाती कागदावर नकोत, म्हणून ‘पट्टीछपाई’ नं यादीतून त्या काढून टाकल्या. कागद छान आला. पण गेटरनं यादीची प्रत दिली नव्हती, मूळ यादीच हातात दिली होती. आता रात्री दिवसभराची बेरीज मारताना त्या कपाती मोजल्याच जात नाहीत. फील्डवर ‘प्रायव्हेट’ लिहिलेलं आहे, कंपायलर खूश आहे, आणि हिशेब चुकलेला आहे.

उपाय: गेटरमधून ‘लिस्ट डॉट कॉपी ऑफ’ नं प्रत परत करा, ही सोय जावा १० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ‘कलेक्शन्स डॉट अनमॉडिफायेबल लिस्ट’. दोन्हींत बाहेरून बदल करायला गेलं की ‘अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन’ पडतं आणि चोर जागेवर सापडतो. फरक असा की, पहिली त्या क्षणाची प्रत असते, दुसरीतून मूळ यादीतले पुढचे बदलही दिसत राहतात. शिवाय पहिलीला यादीत ‘नल’ खपत नाही. यादीतला प्रत्येक ‘कपात’ ऑब्जेक्ट मात्र दोन्हींत तोच असतो, म्हणून ‘कपात’ ला सेटर (फील्डची किंमत बदलणारी मेथड) देऊ नका. ‘पब्लिक स्टॅटिक फायनल’ ॲरेचंही असंच: नाव दुसरीकडे वळवता येत नाही, आतले आकडे कुणीही बदलतो.

प्रत्येक सेटरसमोर थांबून विचारा, हा कोण बोलावतो? कुणीच नाही असं उत्तर आलं तर काढून टाका. आयडीईनं एका क्लिकमध्ये बनवून दिला म्हणून तो ठेवायचं कारण नाही.

९. मॉड्यूल आणि जार

पब्लिक असूनही क्लास दिसत नाही आणि संदेशात ‘मॉड्यूल’ आणि ‘डज नॉट एक्सपोर्ट’ असे शब्द आहेत? सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून पॅकेजच्या वर मॉड्यूल ही आणखी एक भिंत आली. सोर्सच्या मुळाशी ‘मॉड्यूल इन्फो’ नावाची फाइल असेल तर तिच्यात जे पॅकेज ‘एक्सपोर्ट्स’ केलंय तेवढंच दुसऱ्या मॉड्यूलला दिसतं. एक्लिप्समध्ये नवा प्रोजेक्ट करताना ही फाइल नकळत तयार होते. कॉलेजच्या छोट्या प्रोजेक्टला ती लागत नाही. सरळ काढा आणि क्लीन करा. फाइल हवीच असेल तर एकच पॅकेज दोन मॉड्यूलांत विभागू नका, ते चालत नाही.

इथे थांबा

पुढच्या प्रसंगी स्वतः हात घालू नका. जावाचं काम रोज करणाऱ्या माणसाला बोलवा.

तुमच्या कुठल्याही पॅकेजचं नाव एररमध्ये नाही, सगळं एखाद्या लायब्ररीच्या आत घडतंय. त्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांच्या जार (लायब्ररीचे क्लास एकत्र बांधलेल्या फायली) क्लासपाथवर एकत्र असतील तर कुठली उचलली जाते हे शोधणं अनुभवाचं काम आहे.

लायब्ररीचा किंवा जावाचा प्रायव्हेट सदस्य रिफ्लेक्शननं (चालू प्रोग्रॅममधून क्लासच्या आत डोकावण्याची सोय), ‘सेट ॲक्सेसिबल’ वापरून उघडावा असा सल्ला नेटवर मिळाला असेल तर तो घेऊ नका. जावा १६ पासून जावाच्या आतल्या भागावर हे एरवी चालतच नाही, आणि कमांडला पर्याय जोडून चालवलं तरी पुढच्या अपडेटला मोडू शकतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: सॉफ्टवेअर खऱ्या दुकानात चालू आहे आणि पट्ट्या ऑब्जेक्ट म्हणून जशाच्या तशा सीरियलाइज करून फाइलमध्ये साठवल्यात. क्लासमध्ये ‘सीरियल व्हर्जन यूआयडी’ स्वतः लिहिलेला नसेल तर जावा तो आकडा क्लासच्या रचनेवरून काढतो, आणि त्यात सदस्यांचे मॉडिफायरही धरतो. प्रायव्हेट फील्ड पब्लिक करण्याएवढ्या बदलानंही तो आकडा बदलतो आणि जुन्या पट्ट्या उघडताना ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’ येतं. माहिती गेलेली नसते, पण घाईत नव्यानं फाइल लिहिली तर जाते. प्रोग्रॅम बंद करा, डेटाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि जुन्या क्लास फायली असतील तर त्याही जपून ठेवा, कारण जुना आकडा त्यांच्यातून काढता येतो.

बोलावलेल्या माणसाला पडद्याचा अर्धवट फोटो व्हॉट्सॲप करू नका. पहिला संदेश पूर्ण, कंपायलरची आणि चालवणाऱ्या जावाची अशा दोन्ही आवृत्त्या, प्रोजेक्टच्या मुळापासूनची फोल्डरांची यादी, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं, एवढं द्या.